हुमायराताईची मागणी मी ब्लॉक केली

सायबर सुरक्षा म्हणजे काय, ते आमच्या घरात फक्त मला कळतं! ही फुशारकी नाही. ताश्कंदला मी दुसऱ्या वर्षाला तोच विषय शिकते, आणि पासवर्डच्या धड्यावर पहिल्या वर्षी मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. (बाकीच्या धड्यांचं विचारू नका.) तर अशी मी, मुअत्तर, नवरोजच्या सुटीत मर्गिलानला घरी आले आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की आमचं घर म्हणजे चोरांसाठी वाढून ठेवलेलं ताट आहे!

आईच्या फोनचा पासवर्ड १२३४. बाबांचा ४३२१.

"बघ, मी उलटा ठेवलाय," बाबा म्हणाले. "चोराच्या बापाला सुचणार नाही!"

शेजारच्या दारात राहणाऱ्या होसियत आत्याच्या फोनला तर पासवर्डच नव्हता. "माझ्या फोनात आहे काय? तुझ्या आतोबांचे घोरतानाचे व्हिडिओ! न्यावेत ज्याला हवेत त्याने!"

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात समोरच्या साओदत काकूंचं खातं चोरीला गेलं होतं. 'माझ्या भाचीच्या चित्राला मत द्या' असा कुणाचा तरी निरोप आला, काकूंनी मायेने बोट टेकवलं, आणि दहा मिनिटांत काकूंच्या नावाने अख्ख्या मोहल्ल्याला निरोप गेले की मी दवाखान्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा. लोक सूप घेऊन दवाखान्यात पोचले, तर काकू घरी गालिचे झटकतायत!

मी त्याच दिवशी जाहीर केलं, "तीन दिवस द्या मला. हे घर असं कडेकोट करते की डाससुद्धा आधी परवानगी मागेल!"

हुमायराताई तेव्हा कामावर जायला निघाली होती. ती औषधांच्या दुकानात काम करते. वय सत्तावीस, स्वभावाने अबोल, आणि आतापर्यंत आलेल्या दोन्ही मागण्यांना तिने नुसती मान हलवून नकार दिलेला. ती दारात थांबून म्हणाली, "मुअत्तर, जरा बेतानं हं."

मला वाटलं, बिचारीला विषय कळत नाही!

मग मी शिकवणी घेतली. अनोळखी फोनवर आपलं नाव सांगायचं नाही. घरातल्या कुणाची माहिती द्यायची नाही. आलेली फाइल उघडायची नाही. आणि कुणी ओळखीचा असल्याचं सांगितलं, तर त्याला आपल्या घरातला गुप्त शब्द विचारायचा!

"जर्दाळू ठेवू या," आई म्हणाली.

"अगं, या गल्लीत दर तिसरं झाड जर्दाळूचं आहे! कुणालाही सुचेल."

बाबांनी डोळे मिटून विचार केला. ते सव्वीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवतात, त्यामुळे त्यांचा विचारसुद्धा आधी आरसा बघतो, मग वळतो. "पाणघोडा," ते म्हणाले. "फरगाना खोऱ्यात एकही नाही. कुणाच्या डोक्यात येईल?"

ठराव पास झाला. बाबा तर दिवसभर खूश! आतोबा साखर मागायला आले, त्यांनाही शब्द विचारून परत पाठवलं.

बुधवारी दुपारी आईचा फोन वाजला. नंबर अनोळखी. आईने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. परीक्षाच म्हणा ना ही! बाबा, आत्या, मी, सगळे फोनभोवती शेकोटीला बसल्यासारखे बसलो.

"सलाम," पलीकडून भारदस्त बाईचा आवाज आला. "मकसुदाबाई का? हुमायराची आई?"

आईने ओठ घट्ट मिटले. नाव सांगायचं नाही!

"ऐकू येतंय ना? तुमची मुलगी हुमायरा, सत्तावीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करते, तीच ना? आम्हाला गुरुवारी घरी यायचं होतं. जरा पत्ता सांगता? लवकर कळवलंत तर बरं, म्हणजे मला गाडी सांगता येईल."

नाव माहीत, वय माहीत, नोकरी माहीत! वर पत्ता हवा आणि घाई! आमच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण जसंच्या तसं! मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चोर!!!' आणि बाबांसमोर धरलं.

बाबांनी फोन हातात घेतला. "कोण बोलतंय?"

"मी नमनगानहून मस्तुरा. मुझफ्फरची आई."

"असेल! आधी शब्द सांगा!"

"कुठला शब्द?"

"तो ज्याला माहीत असायला हवा त्याला माहीत असतो!"

"अहो, मी चांगल्या कामासाठी फोन केलाय..."

"सगळे चांगल्या कामासाठीच करतात! शब्द!"

आता आईचा जीव मुळात मऊ. तिला वाटलं, एखादी खरीच ओळखीची बाई असेल तर? तिने हळूच मदत केली. "एका प्राण्याचं नाव आहे, बाई."

"प्राण्याचं?"

"जाड असतो," बाबा म्हणाले.



"दिवसभर पाण्यात पडून असतो," आई म्हणाली.

"आणि तोंड हे एवढं मोठं!" आत्या माझ्या खांद्यावरून फोनमध्ये ओरडली. "सारखं उघडं!"

"मी बत्तीस वर्षं शाळा चालवतेय," पलीकडचा आवाज चढला. "मुख्याध्यापिका आहे मी! माझ्या तोंडावर आजवर कुणी माझ्या अंगाबद्दल..."

"बघा, आता मुख्याध्यापिका झाली!" बाबा म्हणाले. "दोन मिनिटांनी मंत्री होईल! लाज वाटत नाही लोकांची घरं फोडायला?" आणि फोन बंद!

आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

दोन मिनिटांनी त्याच नंबरवरून एक फाइल आली. खाली लिहिलं होतं, 'हा आमचा मुलगा. आता तरी विश्वास बसेल.'

"बघू तरी कसा आहे," आई म्हणाली.

"आई, हात लावू नकोस! हाच तो विषाणू!" मी फाइल पुसली, नंबर ब्लॉक केला, आणि तेवढ्यावर थांबले असते तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण अंगात वारं शिरलं होतं. मोहल्ल्याच्या ग्रुपवर चारशे बारा माणसं आहेत. मी तिथे त्या बाईचा नंबर टाकला आणि लिहिलं, 'सावधान! ही बाई मुलीला मागणी घालायचं सोंग करून घराचा पत्ता काढते! पुढे पाठवा!'

लोक बाकी काही करोत न करोत, पुढे पाठवतात! अर्ध्या तासात सत्तर जणांनी अंगठे दाखवले. साओदत काकूंनी लिहिलं, 'शाब्बास पोरी, माझ्या वेळी कुठे होतीस?'

संध्याकाळी साडेपाचला ताई आली. चहा घेतला, नानचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. मग कपाकडे बघत म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं होतं. एक-दोन दिवसांत कदाचित एक फोन येईल. नमनगानहून."

आईच्या हातातली किटली तिरकी झाली आणि चहा बशीतून वाहत बाबांच्या मांडीपर्यंत गेला. बाबांनी हूं की चूं केलं नाही.

"कुणाचा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच उंदरासारखा वाटला.

"मुझफ्फरच्या आईचा. तो डोंगरावर बर्फ मोजायच्या केंद्रात काम करतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आला होता." ताईचे कान लाल झाले. "सुटी संपल्यावर फोन करायला सांगितलं होतं मी. पण त्या हेडबाई आहेत, सगळं मुदतीच्या आधी करतात. म्हणून म्हटलं, आजच सांगून ठेवावं."

कुणीतरी सांगायला हवं होतं. शेवटी आत्याने सांगितलं, आणि एक शब्दही न गाळता सांगितलं, तोंडाच्या मापासकट.

मला वाटलं होतं ताई ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं! ती उठली, अंगणाच्या पायरीवर जाऊन बसली. दुकानातला पांढरा कोट अजून अंगातच होता.

"तीन वर्षं मी त्या फोनची वाट बघत होते, मुअत्तर," ती एवढंच म्हणाली.

"त्याला फोन कर ना! त्याला सांग!"

"डोंगरावर रेंज नाही. शनिवारी खाली उतरेल. आणि उतरल्यावर पहिलं काय ऐकेल, तर हुमायराच्या बापाने तुझ्या आईला..." पुढचा शब्द तिच्याने उच्चारवेना.

मी लगेच ब्लॉक काढला आणि माफीचा निरोप लिहिला. आईच्या फोनवरून, मनापासून, भलामोठा. पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'हे खऱ्या माणसाने लिहिलेलं वाटत नाही. शिवाय शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत.' खाली तिन्ही चुका दुरुस्त करून दिल्या होत्या. मी फोन लावला.

"आधी माझी बदनामी करायची, मग हुमायराची बहीण म्हणून फोन करायचा?" मस्तुराबाई कडाडल्या. "तुमचा तो निरोप माझ्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आलाय! मला सगळं कळतं! मी पोलिसांना कळवलंय!"

"अहो, व्हिडिओवर बोलू या, माझं तोंड बघा..."

"आजकाल तोंडंसुद्धा खोटी बनवतात!" आणि त्यांनी आम्हाला ब्लॉक केलं.

मला एका बाजूने कौतुकच वाटलं. बाई अगदी नियमाने वागत होती!

बाबा अंगणात तीन फेऱ्या मारून आले. "आपण जायचं," ते म्हणाले.

आत्या किंचाळली, "मुलीकडचे मुलाकडे जाणार? लोक काय म्हणतील! आपली मुलगी काय बाजारातलं कलिंगड आहे, दारोदार घेऊन फिरायला?"

"मी मुलगी द्यायला जात नाही. माफी मागायला जातोय. त्याला रिवाज लागत नाही."

गुरुवारी सकाळी बाबा, आई आणि मी निघालो, ताईने लिहून दिलेला पत्ता आणि मांडीवर गरम नानची चळत घेऊन. आत्याला यायचं होतं, पण बाबांनी तिच्या बाजूचं दार आतून लावून घेतलं. आमच्याकडे गाडी एकच, बाबांची शिकवणीची. टपावर शिकाऊचा त्रिकोण, आत ब्रेकचे दोन जोड. नमनगानपर्यंत मागचा प्रत्येक ड्रायव्हर आमच्यापासून चार हात लांबून गेला, आणि घाबरलेली आई शेजारी बसून वळणावळणाला दुसरा ब्रेक दाबत होती!

मस्तुराबाईंचं दार हिरवं, वर छोटा कॅमेरा. बाबांनी टोपी नीट केली आणि बेल दाबली.

"कोण?" भिंतीतल्या डबीतून आवाज.

"हुमायराचा बाप. तोलिब."

"अस्सं! आता घरापर्यंत पोचलात! जागचे हलू नका!"

आम्ही हललो नाही. दहा मिनिटांनी कोपऱ्यावरून इन्स्पेक्टर तुर्दियेव आले. एका हातात वही, दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला समसा, म्हणजे आमच्याकडचा भट्टीत भाजलेला सामोसा. त्यांनी दारातच उभं राहून वही उघडली.

"तक्रार अशी आहे," ते वाचू लागले. "अज्ञात टोळीने तक्रारदार बाईंना जाड म्हटलं. पाण्यात पडून असतात असं म्हटलं. तोंड मोठं आणि सदैव उघडं असतं असं म्हटलं." त्यांनी मान वर केली. "हे तुम्ही म्हणालात?"

"मी पाणघोड्याबद्दल म्हणालो," बाबा म्हणाले.

"म्हणजे पाणघोडाही म्हणालात!" त्यांनी वहीत भर घातली.

मग पासपोर्ट तपासले. माझ्याकडे वळले. "ग्रुपवर नंबर कुणी टाकला?"

"मी."

"एका नागरिकाचा खाजगी नंबर, तिची परवानगी न घेता, चारशे बारा लोकांना. करतेस काय तू?"

"शिकते."

"काय शिकतेस?"

मला त्या क्षणी पशुवैद्यक म्हणावंसं वाटलं. शिवणकाम म्हणावंसं वाटलं. "माहितीची सुरक्षा," मी पुटपुटले.

तुर्दियेवांना ठसका लागला. आईने घाईने त्यांची पाठ थोपटली.

दार मात्र उघडत नव्हतं. "पासपोर्टही खोटे असतात!" डबीतून आवाज आला. "तुम्ही त्या मुलीचेच आईबाप आहात, याला पुरावा काय?"

मी तोंड उघडणार होते, पण आईने मला मागे सारलं. ती दाराजवळ गेली. कॅमेरा वर होता, तिने बघितलं डबीकडेच.

"बाई, पुरावा असा माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली. "माझ्या पोरीने तीन वर्षांत तुमच्या मुलाचं नाव घरात काढलं नाही. पण रेडिओवर डोंगरातल्या बर्फाची बातमी लागली की हातातलं काम टाकून ऐकते. मला वाटायचं, हिला कशाला बर्फाचं एवढं? आमच्या अंगणात तर दोन दिवसही टिकत नाही. ते मला काल कळलं."

डबीतली खरखर बंद झाली. मग कडी वाजली.

मस्तुराबाई दारात उभ्या होत्या. आता खरं सांगू? त्या खरोखरच चांगल्या धिप्पाड होत्या! बाबांनी झटकन जमिनीकडे बघायला सुरुवात केली.

"दर आठवड्याला त्याला कुणीतरी विचारतं, बर्फ किती साचला," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, सरकार विचारतं का रे? तर हसला नुसता. आत या. चहा ठेवते."

चहा झाला. आमचे नान मोडले गेले. बाबांनी तीनदा माफी मागितली, आणि तिसऱ्यांदा मस्तुराबाईंना हसू फुटलं. "बत्तीस वर्षं मुलं मला पाठीमागे काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण कोडं घालून म्हणणारे तुम्ही पहिलेच!"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू. लिही."

त्यांच्यासमोर बसून मी मोहल्ल्याच्या ग्रुपवर खुलासा लिहिला. त्यांनी आधी तो तपासला, दोन स्वल्पविराम घातले. 'त्या बाई चोर नाहीत. त्या आदरणीय मुख्याध्यापिका आहेत. चूक माझी आहे.' पाठवला.

मिनिटभरात साओदत काकूंचं उत्तर! 'लोकहो, धावा! मुअत्तरचं खातं चोरीला गेलं! चोर तिच्या नावाने लिहितोय! पोरीला स्वल्पविराम कधी येत नव्हता!'

पाठोपाठ चाळीस जणांनी मला शिव्या दिल्या. ग्रुप चालवणाऱ्या काकांनी मला बाहेर काढलं.

"व्हिडिओ काढा," तुर्दियेव म्हणाले. त्यांना आता मजा येत होती. "सगळे दिसा म्हणजे शंका राहणार नाही."

म्हणून आम्ही ओळीने बसलो. बाबा फोनसमोर नेहमी ताठ होतात, तसे झाले. आईच्या डोळ्यांत अजून पाणी होतं. मस्तुराबाई हेडबाईसारख्या बसल्या, आणि मध्ये वर्दीतले तुर्दियेव, बाबांच्या खांद्यावर मैत्रीने हात ठेवून. "आम्ही सुखरूप आहोत," बाबा खर्जात म्हणाले. "आमच्याशी चांगलं वागतायत. चहाही दिला." तो व्हिडिओ आईच्या फोनवरून गेला.

आम्ही मर्गिलानला पोचलो तेव्हा आमच्या दारात निम्मा मोहल्ला उभा होता! कुणी वकील आणला होता, कुणी पुलावाचं पातेलं. साओदत काकू डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसत होत्या. "तोलिबला सोडलं!" अशी आरोळी उठली. दोघांनी बाबांना उचललंच!

"अटक नव्हती!" बाबा वरून ओरडत होते. "अरे, सोयरीक होती! सोयरीक!"

झालं! ताईला जी गोष्ट तीन वर्षं आईलासुद्धा सांगता आली नव्हती, ती चारशे बारा लोकांना एका दमात कळली. ती दारात उभी होती, लालबुंद. मला वाटलं, आता मात्र मी मेले. पण ती गर्दीतून वाट काढत आली, माझा कान धरला, चांगला पिळला, आणि पिळता पिळता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली. की रडायला, ते मला अजून नक्की ठाऊक नाही.

शनिवारी मुझफ्फर खाली उतरला. त्याच्या फोनवर म्हणे दोनशे सहा निरोप वाट बघत होते. त्याने ताईला एकच ओळ पाठवली, 'मी चार दिवस बाहेर काय होतो, तुम्ही माझं लग्न ठरवलंत?' पुढच्या आठवड्यात मस्तुराबाई रीतसर आल्या, शरद ऋतूतली तारीखही ठरली.

मी ताश्कंदला परतले. जूनमध्ये तोंडी परीक्षा होती. चिठ्ठी उचलली, तर प्रश्न निघाला, 'परवानगीवाचून दुसऱ्याची खाजगी माहिती जाहीर केल्याचे परिणाम उदाहरणासह सांगा.' मी इतकं भडाभडा, इतकं बारकाव्यांसकट सांगितलं की सरांनी चष्मा काढून ठेवला. पाचपैकी पाच गुण दिले!

"फार छान अभ्यास केलास," ते म्हणाले. "पण ती मुलगी अगदीच बिनडोक दिसते. कोण ही?"

"लांबची आहे, सर," मी म्हणाले, आणि पाच गुण घेऊन सटकले.